बाबूराव पेंटर मूळचे पडदेवाले, हे विसरून त्यांचं काहीच कळत नाही

खानापूरकडच्या एका मुलीनं विचारलंय. ती चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा प्रश्न थोडक्यात असा, "काका, बाबूराव पेंटर म्हणजे सिनेमावाले एवढंच आम्हाला माहिती, पण आमचे सर म्हणतात ते मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. मग त्यांना चित्रकार म्हणायचं, नेपथ्यकार म्हणायचं का दिग्दर्शक? आणि मला चित्रकला पण सोडायची नाही आणि नेपथ्य पण करायचंय, दोन्ही एका माणसाला जमतं का?"

जमतं की. पण कसं जमतं ते एका ओळीत सांगून भागणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी बेळगाव आणि आसपासच्या गावांत चाळीस वर्षं हेच करतोय, आधी पडदे रंगवले, मग सेट लावायला लागलो, शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथांचे देखावे केले, गणपतीचे केले, आणि घरी माझी निसर्गचित्रं चालूच आहेत. त्यामुळे बाबूरावांकडे मी पुस्तकातून कमी आणि सरसाच्या, म्हणजे रंग चिकटायला घालतात त्या खळीच्या डब्याकडून जास्त बघतो.

पहिल्यांदा त्यांचं आयुष्य सांगतो. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९०. कारागिराचं घर, हातात हत्यार लहानपणापासून. चित्रकलेच्या शाळेत जाऊन शिकलेले नव्हेत, वडिलांचं बघून आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर काम करून शिकले. साधारण १९१० ते १९१६ ही वर्षं या दोघा भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात घालवली आणि 'पेंटर' हे नाव तिथून चिकटलं ते मेस्त्री आडनाव पुसून टाकून चिकटलं. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे त्यांनी केले. ही ललितकलादर्श कंपनी १९०८ साली निघाली ती हुबळीत, म्हणजे आपल्या खालच्या अंगाला. आणि संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, बेळगावात नोकरी केलेले. तेव्हा कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी हा सगळा एकच पट्टा होता बघ, कंपनीचं सामान बैलगाडीनं नाहीतर रेल्वेनं या गावाहून त्या गावाला जायचं आणि त्या सामानात सगळ्यात जड काय असायचं तर गुंडाळलेले पडदे.

आता हा पडदा म्हणजे नक्की काय ते तुला कळलं पाहिजे, कारण तुमच्या पिढीनं फ्लेक्सच बघितलाय.

कापड मांजरपाटाचं. पट्टे आडवे जोडायचे, उभे नाही, कारण शिवण आडवी असली की पडद्याच्या वजनानं ती ताणून सरळ बसते, उभी शिवण चुण्या धरते. मग सरस. सरसाच्या वड्या रात्री पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी त्या फुगून मऊ झाल्या की तो डबा दुसऱ्या मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. थेट जाळावर ठेवलास तर करपतो आणि चिकटपणा जातो, वास तर असा सुटतो की शेजारचे भांडायला येतात. त्या पातळ सरसात खडूची भुकटी घालून कापडाला पहिला हात द्यायचा, तो वाळला की कापड खडखडीत होतं. मग कोरडे रंग, पिवळी पेवडी, गेरू, काव, नीळ, काजळी, पांढरा, हे सरसाच्याच पाण्यात कालवायचे. सरस किती, हे मापानं कोण सांगत नाही, दोन बोटांत धरून बोटं उघडायची, जरा ओढ लागली पाहिजे. जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंगाला तडे जातात. कमी झाला तर रंग भुकटीसारखा झडतो, आणि राजाच्या शेल्यावर राजवाडा उतरलेला मी या डोळ्यांनी बघितलाय.

अजून एक गंमत म्हणजे हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर दोन-तीन पायऱ्या उजळ होतो. म्हणजे तू जे लावतेस ते तुला दिसतच नाही, उद्या काय दिसेल ते आज डोक्यात धरून लावावं लागतं. आणि आपल्याकडचा पाऊस तर तुला माहितीच आहे, खानापूरला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापड वाळतच नाही, सरसाला बुरशी धरते. म्हणून पडद्याची कामं आमच्याकडे दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि गावच्या जत्रा संपेपर्यंत चालायची.

मोठं चित्र उतरवायचं कसं, तर लहान कागदावर एका फुटाला एक इंच असं चित्र काढायचं, त्यावर चौकटी पाडायच्या, आणि कापडावर रंगाच्या भुकटीत माखलेला दोरा ताणून टचकन मारून तेवढ्याच चौकटी पाडायच्या. कापड जमिनीवर पसरलेलं, ब्रश बांबूला बांधलेला, आणि माणूस चित्रावर उभा राहून रंगवतोय. मान खाली घालून चार-पाच तास. आपण काय काढलंय ते बघायला शिडीवर चढावं लागतं.

माझी पहिली मोठी चूक इथंच झाली ती सांगतो, कारण ती चूक तू पण करणार. येळ्ळूरच्या बाजूच्या एका गावात जत्रेचं नाटक होतं, ऐतिहासिक, आणि मला दरबाराचा पडदा दिला. मी विशीतला. महिनाभर खपून मी खांबांवर नक्षी काढली, कमानीत वेलबुट्टी, पान न् पान वेगळं, जवळून बघणारा माणूस हात लावून बघायचा की खरंच कोरलंय काय. मधोमध एक दरवाजा काढला, आत लांब जाणारा दालनाचा बोळ, एकदम शास्त्रशुद्ध पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान होत जाणारं. नाटकाच्या रात्री पडदा उघडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी विंगेत खुश. मग महाराजांचं काम करणारा गडी आला आणि संवाद म्हणत म्हणत मागं मागं सरकत थेट पडद्याला टेकून उभा राहिला. माझा दरवाजा त्याच्या खांद्यापर्यंत. अख्खा दरबार बाहुलीच्या घरासारखा दिसायला लागला, पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली आणि त्या गड्याला कळेना आपलं काय चुकलं.

आमचे वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हातारे पेंटर, त्यांनी मला हाताला धरून अंकात काळोख असताना शेवटच्या रांगेपर्यंत नेलं, जिथं बायका पोरांना घेऊन घोंगड्यावर बसल्या होत्या, आणि म्हणाले, हितनं बघ. तिथून माझी वेलबुट्टी दिसतच नव्हती. करडा धूर दिसत होता नुसता. महिनाभराचं काम आणि शेवटच्या रांगेला धूर. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एक रुंद ब्रश आणि काजळीचं पातळ पाणी घेऊन माझ्या खांबांच्या एका बाजूला सरळ जाड सावल्या ओढल्या, दुसऱ्या बाजूला पांढऱ्याची एकेक रेघ मारली, दरवाजावर चक्क पडदा रंगवून तो झाकून टाकला. अर्ध्या तासात. मला रडू आलं, पण रात्री परत शेवटच्या रांगेत जाऊन बसलो तर खांब उभे होते, गोल, भरीव, हात घालून कवटाळावेत असे.

हे एवढं लांबण लावलं ते बाबूरावांसाठी. सपाट कापडावर खोली कुठून येते, सावली कुठल्या बाजूला टाकली की वस्तू पुढं येते, दिवा कुठं आहे आणि बघणारा कुठं बसलाय, हा अभ्यास त्या माणसानं ऐन विशी-पंचविशीत पाच-सहा वर्षं रोज केला. तेव्हा किटसनच्या, म्हणजे रॉकेलच्या प्रखर बत्त्या असायच्या, त्या उजेडात कुठला रंग टिकतो आणि कुठला मरतो हे त्यांना हातानं कळत होतं. माझं ठाम मत आहे की पुढं त्यांनी सिनेमात जे केलं ते सगळं या पडद्यातून निघालंय. ते पडदा सोडून सिनेमात गेले असं लोक लिहितात, मला ते पटत नाही, पडद्यानंच त्यांना तिकडं नेलं.

बघ ना कसं ते. १९१३ ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. बाहेरून कॅमेरा आणायला पैसे नव्हते तर आपणच बनवू म्हणून बसले. १९१६ ला आनंदराव गेले, कॅमेरा अर्धवट. बाबूरावांनी शिष्य दामल्यांना घेऊन तो पूर्ण केला, १९१८ पर्यंत. तानीबाई कागलकर म्हणून गायिका होत्या त्यांनी पैशाची मदत केली आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापूरला गेलीस तर खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो बघून ये, बेळगावहून शंभरेक किलोमीटर तर आहे.

१९२० ला 'सैरंध्री' आला, त्यात बायकांची कामं बायकांनीच केली, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हे. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्या वेळच्या सिनेमात नाटकासारखाच रंगवलेला पडदा मागं लावून चित्रण करायची रीत होती, आणि ज्या माणसाचं नावच पेंटर त्यानंच ती रीत मोडली, भरीव सेट उभे केले, ज्यात माणूस आत जाऊन बसू शकतो, खांबाच्या मागनं येऊ शकतो. का मोडली असेल? माझ्या मते त्याला पडद्याची मर्यादा दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त माहिती होती. नट पडद्याला टेकला की काय होतं हे ज्यानं रात्रीच्या रात्री बघितलंय त्यालाच ते सुचणार. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी दिवे लावून चित्रण केलं, त्याआधी आपल्याकडं सगळं सूर्यावर चालायचं. काळोखातून आकार काढायचा म्हणजे काजळीच्या पाण्याचंच काम, फक्त ब्रशाच्या जागी दिवा आला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये अंधाऱ्या झोपडीचं दृश्य आहे, बाहेर कुत्रं रडतंय, त्याचं वर्णन जुने लोक अजून करतात. व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाले होते.

शूटिंगच्या आधी ते प्रसंगांची, कपड्यांची, पात्रांची स्केचेस स्वतः काढायचे. जाहिरातीची पोस्टर रंगवायचे. आणि त्यांच्या हाताखालून कोण कोण बाहेर पडलं बघ, दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, ज्यांनी १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. यातले दामले आणि फत्तेलाल पण आनंदराव-बाबूरावांकडे रंगकामच शिकलेले. १९३६ चा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत गेला त्याचं दिग्दर्शन या दोघांचं. म्हणजे रंगाच्या डब्यातून निघालेली ही सगळी माणसं.

नंतर बोलपटाच्या दिवसांत, १९३१ च्या सुमाराला महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूराव त्यानंतर अधूनमधून चित्रपट करत राहिले, पण चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १६ जानेवारी १९५४ ला गेले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे, त्यांना काय म्हणायचं तर पेंटर म्हण, त्यांनी स्वतः तेच नाव लावलं.

आता नेपथ्याचं. बाबूराव सिनेमात गेले पण नाटकाचा पडदा पण तसाच राहिला नाही. त्याच ललितकलादर्शमध्ये केशवरावांनंतर बापूराव पेंढारकरांच्या काळात पु. श्री. काळे यांनी सामाजिक नाटकांना खरी वाटेल अशी खोली दिली, दार खरं, खिडकी खरी. मग १९३३ ला नाट्यमन्वंतर संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' आलं तिथं बॉक्स सेट, म्हणजे तीन भिंतींची उभी केलेली खोली, पक्का झाला. तिथून पुढं पेंटरचा नेपथ्यकार झाला. द. ग. गोडशांचं उदाहरण तू मुद्दाम वाच, १९१४ ते १९९२, चित्रकार, लंडनला शिकून आलेले, कलेचा इतिहास लिहिणारे आणि नाटकाचे नेपथ्यकार. त्यांच्याकडं बघितलं की कळतं, ऐतिहासिक नाटकाला महाल उभा करायचा तर आधी तो काळ वाचावा लागतो, नुसती कमान आणि झुंबर लावून भागत नाही. आमच्याकडच्या जत्रेच्या नाटकांत अजूनही शिवाजी महाराजांच्या दरबाराला मुघली कमान लावतात त्याचं मला फार वाईट वाटतं.

चित्रकाराचा नेपथ्यकार होताना एक गोष्ट सोडावी लागते. कॅनव्हासवर तू मालकीण असतेस, तिथं काय भरायचं आणि काय रिकामं ठेवायचं ते तू ठरवणार. रंगमंचावर ती रिकामी जागाच नटाची असते. मी सेट काढताना आधी कागदावर भिंती काढत नाही, नट कुठून येणार, कुठं बसणार, कुणाकडं पाठ करणार त्या रेघा काढतो, आणि उरलेल्या जागेत भिंती बसवतो. दार आत उघडणार का बाहेर यावरून अख्खा प्रवेश बदलतो. आपल्याकडच्या तरुण चित्रकारांना हे पहिली दोन-तीन वर्षं पचत नाही, त्यांना सेट सुंदर दिसायला पाहिजे असतो आणि नट त्यांना मधे आल्यासारखा वाटतो.

पण सोडायचं नाही असं पण आहे, ते म्हणजे उजेडाची नजर. आता एलईडी आले, त्याखाली आमची पेवडी वेगळीच दिसते, पिवळ्या दिव्यात निळा मळकट हिरवा होतो. हे कम्प्युटरवर नाही कळत. रोज उठून बाहेर बसून निसर्गचित्र करणाऱ्याला कळतं. आपल्या बेळगावात त्यासाठी मोठी परंपरा आहे, के. बी. कुलकर्णी सरांनी इथं दोन-तीन पिढ्या शिकवल्या, चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. कुलकर्णी सरांच्या नावाचं कलादालन वरेरकर नाट्यसंघात आहे, एकाच छपराखाली चित्रं आणि नाटक. तिथं प्रदर्शन असेल तेव्हा जा आणि चित्रासमोर नाक लावून उभी राहू नकोस, आधी दारातनं बघ, मग अर्ध्यातनं, मग जवळनं.

सीमाभागातल्या माणसाला एक फायदा आहे तो पण सांगतो. मी मराठी नाटकांचे पडदे केले तसे कन्नड कंपन्यांचे पण केले. कन्नड कंपनी नाटकात पडद्याची शान मराठीपेक्षा जास्त दिवस टिकली. सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे एणगी बाळप्पा, १९१४ चा जन्म आणि २०१७ ला गेले, त्यांची कलावैभव कंपनी या भागात गाजलेली. तिकडची भडक निळी, गुलाबी आकाशं बघून आमच्यातले काही लोक नाकं मुरडायचे, मी मात्र त्यातनं शिकलो की जत्रेच्या तंबूत एवढा भडकपणा लागतोच, नाहीतर मागच्या माणसाला काही दिसत नाही. तुला कन्नड येत असेल तर शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडूला निनासम ही नाट्यसंस्था आहे, तिथं नाटकाचा एक वर्षाचा कोर्स असतो, त्यात रंगमंचाचं सगळं काम हातानं करावं लागतं. पुण्यात ललित कला केंद्र आहे, दिल्लीला एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. पण माझं मत विचारशील तर आधी दोन वर्षं कुठल्यातरी हौशी ग्रुपबरोबर सामान उचल, स्टेज लाव, काढ, आणि मग कोर्सला जा.

पैशाचं खरं सांगतो, लपवून उपयोग नाही. नुसत्या नेपथ्यावर आपल्या भागात घर चालत नाही. मी बोर्ड रंगवले, ट्रकच्या मागं चित्रं काढली, गणपतीचे देखावे केले, आणि शिवजयंतीच्या चित्ररथांनी मला दरवर्षी हात दिला. एकदा एका मंडळानं चित्ररथाचे निम्मे पैसे दिलेच नाहीत, मिरवणूक झाली आणि माणसं फोन उचलेनात. तेव्हापासून मी अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय कापड फाडत नाही, तू पण फाडू नकोस, ओळखीचा असला तरी. फ्लेक्स आल्यावर पडद्याची ऑर्डर जवळजवळ थांबली. फ्लेक्स स्वस्त पडतो, एका दिवसात येतो, पण त्याच्यावर दिवा पडला की तो चमकतो आणि नटाच्या मागं आरसा धरल्यासारखं होतं, काळोख तर त्याला येतच नाही, काळा रंग राखाडी दिसतो. हे मी मंडळांना कितीदा सांगितलं. गेल्या काही वर्षांत एक-दोन ग्रुप परत कापडाकडं वळलेत, त्यांनी स्वतः फरक बघितला म्हणून.

चित्ररथाचं काम कमी समजू नकोस हे वेगळं लिहितो. ट्रॉलीवर सजीव देखावा असतो, पोरं मावळे होऊन रात्रभर उभी असतात, गाडी हलते, गल्ली अरुंद, वर वायरी, आणि बघणारे तिन्ही बाजूंनी, गच्चीवरनं पण. बेळगावच्या रामदेव गल्लीतनं जाताना जे उजवीकडनं छान दिसतं ते डावीकडच्या माणसाला लाकडाचं फळकूट दिसतं. तिथं शेवटची रांग कुठं आहे हेच कळत नाही, सगळ्या बाजूंनीच रांगा. मला तरी त्या कामानं नेपथ्याबद्दल जेवढं शिकवलं तेवढं बंद नाट्यगृहानं नाही शिकवलं.

तुझ्या कॉलेजच्या कामासाठी बाबूरावांवर लिहिणार असशील तर सालं आणि सिनेमांची नावं लिहून थांबू नकोस, एक प्रयोग कर. चार बाय सहा फुटांचा मांजरपाट घे, सरस भिजव, एक साधा खांब आणि त्याच्यामागं एक दार रंगव. रात्री बल्ब लावून अंगणाच्या टोकाला जाऊन बघ आणि फोटो काढ. मग कुणालातरी त्याच्यापुढं उभं करून परत काढ. ते दोन फोटो तुझ्या लिखाणात लाव.

दिवाळीनंतर कडोलीच्या एका ग्रुपचा पडदा माझ्याकडं आहे, जंगलाचा, अठरा बाय चोवीस. घरच्यांना विचारून ये, कुणालातरी सोबत घेऊन ये. सरस पहाटे गरम करतो मी, त्यामुळे सकाळची पहिली एसटी पकड, आणि फेकून द्यायचे कपडे घालून ये.